गोरेवाड्याचा पाचोळा

फेब्रुवारी सरता सरता नागपूरच्या काटोल रोडकडून गोरेवाड्याच्या रानात शिरलं की सगळ्यात आधी पाचोळा ऐकू येतो. पक्षी त्याच्यानंतर. सागाचं पान पडताना चांगला आवाज करतं. वीतभर रुंद, कधी हातभर लांब, वाळून पापडासारखं कडक झालेलं ते पान फांद्यांवर आपटत खाली येतं आणि टेकताना ठक्क वाजतं. असं एखादं पान उचलून उन्हासमोर धरून बघा. बरीचशी पानं जाळीदार झालेली दिसतील. मधला गर गेलेला आणि शिरांचं विणकाम तेवढं शाबूत. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान सागावर एका बारीक पतंगाची अळी पडते, तिची ही करणी. शिरा सोडून बाकी सगळं ती खरवडून खाते. सप्टेंबरात लांबून सागवान करपल्यासारखं दिसतं, लोकांना वाटतं झाडं मेली. झाडाला काही होत नाही. पान मात्र जमिनीवर येण्याआधीच अर्धं खाऊन झालेलं असतं, आणि अळीच्या लेंड्यांच्या रूपानं त्याचं खत पावसातच मुळाशी पोचलेलं असतं.

गोरेवाडा म्हणजे पेंचसारखं राष्ट्रीय उद्यान नाही. शहराच्या वायव्य टोकाला टेकलेलं हे सुमारे १९१४ हेक्टरचं रान आहे, आणि ते महाराष्ट्र वनविकास महामंडळाच्या ताब्यात आहे. त्याच्या एका भागात २६ जानेवारी २०२१ पासून इंडियन सफारी सुरू झाली. बसमधून वाघ, बिबट, अस्वल बघायला गर्दी होते ती तिथे. हा लेख त्या बसबद्दल नाही. तारेपलीकडचं मोकळं रान आहे ना, जिथे रोही, चितळ, मोर आणि बिबट आपापल्या हिमतीवर जगतात, त्याच्या जमिनीवर साचणाऱ्या थराबद्दल आहे. शहरात आपण त्याला कचरा म्हणतो, झाडून ढीग करतो आणि काडी लावतो. रानाची सगळी पुंजी त्या थरात असते आणि रानाचा सगळ्यात मोठा धोकाही तिथेच असतो. उन्हाळ्याचे चार महिने इथली सगळी कामं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

पान गळतं का, इथपासून सुरुवात करावी लागेल. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व काठावर वसलेलं आहे. गोरेवाडा, टाकळी, सेमिनरी हिल्स हा पट्टा त्या लाव्ह्याच्या थरांचा. टाकळीच्याच थरांमधून मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात जीवाश्म गोळा केले होते. टेकाडांवर माती जेमतेम वीत-दोन वीत, खाली मुरूम, त्याखाली कातळ. वर्षाचा पाऊस अकराशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत उरकणारा. मुरूम पाणी धरून ठेवत नाही. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो. २३ मे २०१३ ला तर तो ४७.९ अंशांवर गेला होता. अशा हवेत सागाच्या पानाएवढं पान अंगावर बाळगायचं म्हणजे गळक्या माठातून पाणी प्यायचं. म्हणून झाड पान टाकतं. टाकण्याआधी पानातला नत्र आणि स्फुरद बराचसा परत ओढून घेतं, देठाशी एक पातळ पडदा तयार करतं आणि मग सोडतं. खाली येतं ते मुख्यतः कोरडं काष्ठद्रव्य. वाळलेलं पान लवकर पेटतं आणि उशिरा कुजतं ते यामुळेच.

सगळी झाडं एकदम उघडी होत नाहीत, हेही बघण्यासारखं असतं. सालई आणि मोवई लवकर उघडी पडतात. धावडा लाल-तांबूस होऊन बारीक पानं झडतो. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकून फुलतो. मोह मार्चमध्ये पानं टाकतो आणि फुलून झाल्यावर तांबूस पालवी काढतो. म्हणजे पाऊस यायला दीड-दोन महिने असताना, जमीन भाजत असताना, मोहाला, तेंदूला नवं पान येतं. हे पाणी खोडात आणि खोल मुळांत साठवलेलं असतं. पान टाकून वाचवलेलंच पाणी झाड नव्या पालवीला खर्च करतं. एप्रिलमध्ये रान मेलंय म्हणणाऱ्यानं मोहाची एक फांदी जवळून बघावी.

आता पाऊस. सागाखाली कधी पावसात उभं राहिला असाल तर थेंब टपोरे लागतात हे माहीत असेल. रुंद पानावर पाणी जमतं, टोकाशी ओघळतं आणि मोठा थेंब होऊन उंचावरून पडतो. मोकळ्या आभाळातून पडणाऱ्या थेंबापेक्षा त्याचा मार जास्त असतो. खाली पाचोळ्याची चादर असली की मार पानावर बसतो, पाणी झिरपत मातीत जातं. पाचोळा जळून गेलेला असला तर तोच थेंब उघडी माती उडवतो, आणि वीतभर मातीवर उभ्या असलेल्या रानातून ती वीतभर मातीही निघून जाते. उतारावर ती कुठे जाते ते उघड आहे: खाली तलाव आहे. १९१२ मध्ये, शहराची वस्ती लाखभर असताना, नागपूरला प्यायचं पाणी द्यायला गोरेवाडा तलाव बांधला गेला. आज पेंच नदीचं पाणी गोरेवाड्याला येऊन शुद्ध होतं आणि शहरात जातं, पण तलावाच्या वर उभं असलेलं रान अजूनही तेच काम करतं. वर पाचोळा शाबूत, तर खाली गाळ कमी.

म्हणून आग. महाराष्ट्रात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून मानतात. इथली आग सिनेमात दिसते तशी शेंड्यांवरून धावणारी नसते. ती जमिनीवरून, गुडघ्याएवढ्या ज्वाळेनं, पाचोळा आणि कुसळी गवत खात सरकते. दुरून निरुपद्रवी वाटते. मोठा साग, पळस जाड सालीमुळे वाचतात. जातं ते सगळं गुडघ्याखालचं: बिया, रोपं, कासवं, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी. सागाचं रोप मात्र चिवट असतं. वरचा कोंब दर वर्षी जळतो, खालचं मूळ जाड होत जातं आणि एखाद्या वर्षी आग चुकली की जोरात उसळून वर येतं. बाकीच्यांना हे जमत नाही. दर वर्षी जळणाऱ्या रानात मग साग, पळस उरतात, खाली रानतुळस आणि तरोटा माजतो, आणि चार (चारोळीचं झाड), बेहडा, बीजा असली झाडं एकेक करून नाहीशी होतात. रान हिरवं दिसतं, पण आतून गरीब झालेलं असतं.

यावरचा जुना उपाय म्हणजे जाळरेषा. कल्पना सोपी आहे: आग यायच्या आधी एक पट्टा रिकामा करून ठेवायचा, म्हणजे आगीला पुढे जायला खायलाच मिळत नाही. आतल्या लहान रेषा तीन मीटरच्या, हद्दीवरच्या बारा मीटरपर्यंत. काम दिवाळीनंतर सुरू होतं. गवत अजून पुरतं वाळलेलं नसताना पट्ट्याच्या दोन्ही कडांना कापायचं आणि कापलेलं मधोमध ओढायचं. आठ-पंधरा दिवस वाळू द्यायचं. मग वारा नसताना, सकाळी दव उडाल्यावर किंवा संध्याकाळी, थोडं थोडं जाळायचं. दोन्ही कडांना माणसं, हातात हिरव्या फांद्यांचे झोडपे, पाठीवर पाण्याचा पंप. दुपारी कधीच नाही. हे सगळं १५ फेब्रुवारीच्या आत आटोपलं पाहिजे.

आणि इथेच बहुतेक ठिकाणी चुकतं. रेषा जाळून झाली की काम झालं असं वाटतं. पण सागाची, धावड्याची पानगळ मार्चपर्यंत चालूच असते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आरशासारखी साफ केलेली रेषा महाशिवरात्र उलटेपर्यंत पुन्हा पानांनी भरते. कागदावर रेषा असते, जमिनीवर नसते. आग आली की पुलावरून जावं तशी पलीकडे जाते. म्हणून रेषा पुन्हा झाडावी लागते, मेपर्यंत किमान दोन-तीनदा. पूर्वी खराट्यानं झाडत, आता पाठीवर ब्लोअर अडकवून एक माणूस दिवसात पुष्कळ लांब जातो. ब्लोअरची एक खोड आहे: तो पानं रेषेच्या कडेला रचून ठेवतो, आणि तो बांध पेटला की ज्वाळ दुप्पट उंच होते. पानं आत रानात विखरून टाकावी लागतात. एवढी साधी गोष्ट, पण घाईत तीच राहते. दुसरी चूक चढाच्या बाजूला होते. आग चढावर जोरात धावते, कारण ज्वाळ पुढच्या पानाला आधीच भाजून ठेवते. टेकाडाच्या माथ्यालगतची रेषा म्हणून सपाटीपेक्षा रुंद हवी.

आता उपग्रहावरून आगीची सूचना मोबाइलवर येते, याचा मोठा उपयोग झाला आहे. पण त्या नजरेचा सगळ्यात बारीक ठिपकाही ३७५ मीटरचा असतो. शहराच्या कडेला शेतातलं धसकट, कचऱ्याचा ढीग आणि रानातला पाचोळा एकाच ठिपक्यात मोडतात. शेवटी माणसानं जाऊनच बघावं लागतं.

आग लागते कशी? आपोआप लागत नाही, हे अनुभवी वनरक्षक डोळे मिटून सांगेल. आपल्या हवेत वाळलेली पानं स्वतःहून पेट घेत नाहीत. नागपूरभोवतीच्या जंगलांत एक मोठं कारण मोहाचं. मोहफुलं पहाटे गळतात, ऊन चढेपर्यंत वेचावी लागतात. फूल फिकट पिवळसर, बोराएवढं, आणि खाली तपकिरी पानांचा ढीग. फूल दिसत नाही. मग झाडाखाली काडी लावून जागा काळी केली की त्यावर फूल मोत्यासारखं उठून दिसतं. काळी केलेली जागा झाडापुरती राहिली तर प्रश्न नव्हता. वेचून घरी जाईपर्यंत बुंध्याची धग शिल्लक असते, दुपारी वारा सुटतो आणि ठिणगी पुढे जाते. यात वेचणाऱ्यांना दोष देऊन काही होत नाही. त्यांच्या घरातला वर्षाचा रोख पैसा त्या पंधरा-वीस दिवसांत असतो. हिरवी जाळी झाडाखाली अंथरली तर फूल स्वच्छ मिळतं, माती लागत नाही, भावही बरा येतो. जाळी नसेल तर पानं झाडून बुंध्यापासून दूर पसरायची, काडी लावायचीच नाही. तेंदूचंही तसंच आहे. जाळलं की नवं पान कोवळं येतं ही समजूत जुनी. कोवळं पान खुटकटाईनंही येतं. मार्चच्या आसपास झुडूप जमिनीसरशी छाटलं की दीड महिन्यानं तोडणीला येतं, सत्तर पानांचा पुडा बांधता येईल असं.

गोरेवाड्याला मात्र खरी भीती रानाकडून नाही, शहराकडून आहे. कडेच्या वस्तीत सकाळी अंगण झाडून भिंतीपलीकडे टाकलेला कचरा, त्यात कुणीतरी लावलेली आग. लॉनवरच्या लग्नातले फटाके. रस्त्यावरून फेकलेली बिडी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली आणि ५,००० रुपयांचा दंड ठरवला, तरी मार्चच्या कुठल्याही सकाळी नागपूरच्या कॉलन्यांमध्ये पानांच्या धुराचा वास येतो. कडेला आग दिसली तर स्वतः विझवायला आत धावू नका. १९२६ हा वनविभागाचा नंबर आहे. जागा नीट सांगा: कोणता रस्ता, कोणत्या बाजूला उतार, वारा कुठून. एवढं सांगितलं तर येणाऱ्यांची अर्धी मेहनत वाचते.

झाडून स्वच्छ केलेल्या रेषेचा आणखी एक उपयोग असा, की रान वाचायला तिच्यासारखी पाटी नाही. मार्च-एप्रिलमध्ये पाचोळ्यातून कोण चाललंय ते ऐकूनच कळतं. चितळ चार-पाच पावलं टाकून थांबतं. सातभाई एका जागी खसखस करत पानं उलटतात, आवाज सारखा येतो. सरडा झट्कन पळून गप्प होतो. फार मोठा गोंगाट आला तर बहुधा कोंबडीएवढं काहीतरी असतं. बिबट ऐकूच येत नाही, कारण तो पाचोळ्यात शिरायचंच टाळतो. आवाज झाला तर शिकार जाते. मग तो रात्री झाडलेल्या रेषेवरून, गाडीवाटेवरून चालतो, आणि बारीक धुळीत त्याचे ठसे उमटतात. पहाटेच्या तिरप्या उन्हात बघायचं, डोक्यावर ऊन आलं की ठसा दिसेनासा होतो. चार बोटं, नखांच्या खुणा नाहीत, आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखं टोचलेली दिसतात. मोठ्या बिबटाचा ठसा सात-आठ सेंटिमीटर रुंद. काटोल रोडच्या कडेला फिरायला येणाऱ्यांना जो ठसा वाघाचा वाटतो तो दहापैकी नऊ वेळा मोठ्या कुत्र्याचा असतो. कॅमेरेही याच वाटांवर, दोन्ही बाजूंना समोरासमोर, गुडघ्याएवढ्या उंचीवर लावतात, म्हणजे दोन्ही कुशींवरचे ठिपके मिळतात. दोन्ही कुशींचे ठिपके सारखे नसतात, त्यामुळे एका बाजूच्या फोटोवर जनावराची ओळख पक्की होत नाही.

पाणवठ्यालाही पाचोळा सोडत नाही. सिमेंटचा पाणवठा बशीसारखा हवा, कडेपासून मध्यापर्यंत हळूहळू खोल होणारा. उभ्या भिंतीच्या टाक्यात खार, सरडे, चितळाची पिल्लं पडतात आणि निघू शकत नाहीत. तसं टाकं आधीच बांधलेलं असेल तर आत दगडांचा उतार रचून द्यावा. मेमध्ये नागपूरच्या उन्हात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी वाफेनं जातं. दहा चौरस मीटरच्या बशीतून रोज शंभर लिटर, कुणी न पिता. सावली असावी म्हणून पाणवठा झाडाखाली करावासा वाटतो, आणि मग पानं पडून पाणी आठवड्यात चहासारखं काळं होतं, वास मारतं. सावली पश्चिमेकडून यावी आणि झाड दोन-चार मीटर दूर असावं, हा त्यातल्या त्यात बरा तोडगा. तरी दर पंधरा दिवसांनी उपसून घासावं लागतंच. घासताना साबण नाही, चुना नाही. नारळाची शेंडी आणि पाणी.

शहरातल्या पाचोळ्याचं काय करायचं, हेही सांगायला हवं, नाहीतर वरचं सगळं फुकट. कोंबड्यांची जाळी आणून मीटरभर उंच, मीटरभर व्यासाचा गोल उभा करा. गच्चीवर नको, मातीवर. त्यात पानं वीतभर भरा, पायानं दाबा, वर शेणाचं पातळ पाणी शिंपडा, मूठभर जुनी माती टाका, पुन्हा पानं. स्वयंपाकघरातला ओला कचरा घालायचा तर एक भाग ओला, तीन भाग पानं. ओला जास्त झाला की चिलटं आणि वास. नागपुरात हे ढीग वासानं फसत नाहीत, कोरडेपणानं फसतात. एप्रिलमध्ये चार दिवस पाणी चुकलं की आतलं सगळं थांबतं, महिना गेला तरी पान तसंच. वर ओलं पोतं टाकून ठेवा. मूठभर आतली पानं पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, एवढी ओल पुरे. महिन्यातून एकदा उलटा. कडुलिंब, गुलमोहर, बहाव्याची बारीक पानं पावसाळ्याअखेर माती होतात. साग, बदाम, आंबा तुडवून बारीक केल्याशिवाय वर्षभर हलत नाहीत. ढीग उपसताना हात घालू नका, आधी काठीनं हलवा. रानात तर पाचोळ्यात कधीच हात नाही, चपलेत पाय नाही. फुरसं आणि घोणस दोन्ही वाळल्या पानांच्या रंगाची असतात. चावलं तर बांधाबांध, चिरफाड काही न करता चावलेला अवयव न हलवता सरळ मेडिकल किंवा मेयो, म्हणजे नागपुरातलं मोठं सरकारी रुग्णालय, गाठायचं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आभाळ दुपारी भरून यायला लागतं. पाऊस पडतोच असं नाही, पण हवा जड होते. त्याच सुमारास नवरंग हा पक्षी येतो. हिवाळा दक्षिणेत काढून तो इथे विणीला परत येतो, आणि त्याची दोन सुरांची शीळ सकाळी आणि दिवस मावळताना रानभर ऐकू येते. दिसायला कठीण, कारण एवढे रंग अंगावर घेऊन तो बहुतेक वेळ जमिनीवर असतो. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या सकाळी जाऊन बघावं. पाचोळ्याचा आवाज गेलेला असतो. पान मऊ पडून काळपट झालेलं, एकमेकांना चिकटलेलं, त्यावर मखमली लाल मृगाचे किडे चालत असतात. सागाच्या एका जाळीदार पानाखाली पांढरे बुरशीचे धागे पसरायला लागलेले असतात. नवरंग दोन उड्या मारतो, मान तिरकी करून ऐकतो, चोचीनं एक पान उलटून बाजूला फेकतो, आणि त्याच्याखालून गांडूळ ओढून काढतो.